आईचा व्यवसाय : निरंक

जून महिना लागला की शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेण्याचं काम माझ्याकडे येतं. शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवते, आणि दोन्ही भाषा लिहिता येतात म्हणून अर्ज, दाखले, जनरल रजिस्टर हे सगळं आपोआप माझ्याच टेबलावर येऊन पडतं. अर्जात ‘आईचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. मी विचारते आणि बहुतेक आया एकच उत्तर देतात, ‘‘कुछ नै मॅडम, घर में इच रहती.’’ मी ‘गृहिणी’ लिहिते आणि पुढच्या रकान्याकडे वळते.

यंदा एका बाईपाशी हात थांबला. ती सही करायला पुढे झाली तेव्हा तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट दिसलं. सुई टोचून टोचून टोकाची कातडी जाड, पिवळट झालेली. मी विचारलं तर म्हणाली, लोकांच्या गोधड्या शिवते. लोक जुन्या साड्या आणून देतात, ती त्यांचे थर लावते, कडेने धावदोरा घालत घालत आत जाते. महिन्याला तीन गोधड्या होतात आणि घरभाडं त्यातून निघतं.

‘‘मग काहीच करत नाही असं कसं म्हणता?’’

ती हसली. ‘‘वो काम थोडीच है मॅडम. वो तो घर में बैठ को करती.’’

मला हसू आलं नाही. कारण तिने जे तोंडाने सांगितलं ते मी एकदा लेखी दिलेलं आहे, आणि तेही माझ्याच आईबद्दल. २००२ साली बी.एड.च्या प्रवेशाचा अर्ज मी स्वतः भरला होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ पुढे नोकरी, ‘आईचा व्यवसाय’ पुढे निरंक. सरकारी कागदावर कसं लिहायचं ते कळायला लागल्याचा मला अभिमान वाटत होता. निरंक म्हणजे शून्य. आणि त्या अर्जासोबत जी फी भरली, तिच्यातला मोठा हिस्सा अम्मीच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आला होता. ते पैसे शेवयांचे होते.

आमचं घर मिरजेचं. अम्मी आमच्या भागात शेवयांसाठी ओळखली जायची. मार्च संपला की बायका गहू घेऊन यायच्या, किलोमागे मजुरी ठरलेली असायची, आणि मे महिन्यापर्यंत आमच्या अंगणात दोरी-काठी रिकामी म्हणून दिसायची नाही. लोकांच्या शेवया यंत्रावर व्हायच्या. खाटेच्या कडेला पेच आवळून बसवलेलं, हाताने दांडा फिरवायचं यंत्र. ईदच्या शिरखुर्म्यासाठीच्या घरच्या शेवया मात्र अम्मी पाटावरच वळायची, नानीने दिलेल्या लाकडी पाटावर.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आता घरात विचारलं तरी अर्धवटच उत्तर मिळतं. गहू खपली. तो आदल्या रात्री ओलवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा, सकाळी सावलीत पसरून वरचं पाणी सुकू द्यायचं. आतला ओलावा टिकला पाहिजे आणि वरचा गेला पाहिजे. मग गिरणी. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवायचं, म्हणजे तो ज्वारी-बाजरीच्या मागून आपलं दळण घालत नाही. दळून आल्यावर चाळण, चाळणीनंतर वस्त्रगाळ. मीठ-पाणी घालून घट्ट मळायचं आणि थोडं मुरल्यावर पाट्यावर घेऊन वरवंट्याने कुटायचं. तेलाचा हात लावत कुटत राहायचं. किती वेळ, याचं उत्तर अम्मीकडे मिनिटांत नव्हतंच. ती गोळ्यातली चिमूट ओढून बघायची. तुटली तर अजून कुटायचं. केसासारखी तार निघाली की झालं.

मग पाट तिरपा लावायचा, वरचं टोक डब्यावर, खालचं जमिनीला. वर बसलेली बाई गोळा तळहाताने पाटावर घासत वळत जाते आणि तार खाली उतरत राहते. खाली बसलेली ती झेलते, लांबवते आणि काठीवर टाकते. दोघींचा वेग एक असावा लागतो. वरची घाईत असली तर तार जाड येते, खालची रेंगाळली तर तुटते. एकटीने हे काम होत नाही.

खाली बसायच्या शेजारच्या काकू. काकूंच्या घरी कांदा-लसूणही चालत नसे, आणि आमच्या घरचं पाणी त्या पीत नसत. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण हल्ली असल्या आठवणी लिहिताना लोक ती वगळतात आणि ‘तेव्हा सगळे कसे एकत्र नांदत होते’ असं चित्र रंगवतात. काकू आमचं पाणी प्यायच्या नाहीत आणि तरी सलग चार दिवस आमच्या अंगणात उन्हं चढेपर्यंत मांडी घालून बसायच्या, येताना स्वतःच्या तांब्यातलं पाणी घेऊन. मग पुढचे दोन दिवस अम्मी त्यांच्या अंगणात, त्यांच्या पिठावर. त्यांच्या शेवया गुळवणीसोबत खायला, आमच्या दुधात घालायला. मला लहानपणी त्या तांब्याचा राग यायचा. अम्मीला यायचा नाही, की येऊन ती गिळायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारलं की ती म्हणायची, ‘‘उनका उनके पास. हाथ तो लगाती ना?’’

१९८७ च्या मे महिन्यात रमजान आला होता आणि ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात होती. मी सात वर्षांची. सहरीनंतर, अंधार असतानाच अम्मी पाट लावायची, कारण नऊनंतर रोजाच्या तोंडाने ते कुटण्याचं काम होत नसे. घोटभर पाण्याशिवाय ती दिवसभर पाण्याने मळलेल्या पिठात हात घालून बसलेली असायची. एका दुपारी आभाळ भरून आलं. मिरजेचा वळीव ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आधी धूळ, मग वारा, मग एकदम गारा. अम्मी अस्‍रच्या नमाजला उभी होती. नमाज सोडून ती आली असती की नाही कोण जाणे. काकूंनी ती वेळच येऊ दिली नाही. त्या भिंतीपलीकडून धावत आल्या आणि शेवयांनी भरलेल्या काठ्या एकेक करून आपल्या पडवीत नेल्या. तोवर त्यांचे स्वतःचे सांडगे गच्चीवर भिजून गेले. संध्याकाळी अम्मी उडदाची डाळ घेऊन त्यांच्याकडे गेली, त्यांनी ती घेतली. आभार वगैरे कुणी मानल्याचं आठवत नाही.

या सगळ्यात मी कुठे होते? मी पाटापाशी नव्हते. आजच्या लेखात मला खरं म्हणजे हेच सांगायचं आहे.

मी जवळ जाऊन बसले, गोळ्याला हात लावला की अम्मी हात झटकायची. ‘‘तू जा, किताब ले को बैठ. ये तेरे कू नै सीखने का.’’ माझ्या वयाच्या इतर मुली आयांसोबत पापड लाटायला, गोधडीला टाके घालायला बसत. मला सुईसुद्धा धरू दिली नाही. ती स्वतः चौथीनंतर घरी बसवलेली मुलगी. तिच्या लेखी पाट म्हणजे शाळेच्या बदल्यात हातात दिलेली वस्तू होती. माझ्या हातात तो द्यायचा नाही हे तिने ठरवूनच टाकलं होतं. शेवयांच्या मजुरीतून तिने मला शेवयांपासून लांब ठेवलं.

म्हणून मला हल्लीच्या त्या चित्रफिती बघवत नाहीत. मागे संथ संगीत, सुरकुतलेले हात, पितळी परात, आणि खाली ‘आजीच्या हातची चव’. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण त्यात आजीचे गुडघे दिसत नाहीत. अम्मी आज सत्तरीच्या पुढे आहे, तिला मांडी घालता येत नाही आणि उजवा खांदा डोक्याच्या वर जात नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा ती त्यांनाही म्हणाली, ‘‘कुछ नै, घर का काम.’’

एका बाजूला हे असं कौतुक. दुसऱ्या बाजूला आमच्या जलशांतून, तकरीरींतून ऐकू येणारं ‘औरत घर की मलिका है’. वर्षातून कितीदा तरी मी हे वाक्य ऐकते, पडद्याच्या अलीकडे बसून. मलिकेला महिन्याचा खर्च मागावा लागतो का, मलिका आजारी पडली तर भाकरी कोण करतं, हे कुणी सांगत नाही. आणि मजा अशी की त्याच व्यासपीठावरून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांच्या घरातली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ह. आयेशा (रजि.) यांना कुणी विचारलं की पैगंबर (स.) घरी असताना काय करायचे. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की उठून जायचे. ही हदीस सहीह बुखारीत आहे. ते आपले कपडे शिवायचे, आपल्या चपला सांधायचे, असंही रिवायतीत आहे. सुई त्यांच्या हातात होती. आमच्या घरातल्या किती पुरुषांना शर्टाचं बटण लावता येतं?

सरकारी हिशेबात तरी काय आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास, रविवार-ईद-दिवाळी धरून, बिनपगारी. तरीही २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना ‘काम न करणारे’ या गटात भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या शेजारी बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात त्याबद्दल नाराजी नोंदवली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि नुकसानभरपाई ठरवताना ते धरलं पाहिजे. दोन्ही खटले रस्त्यावरच्या अपघातांचे. म्हणजे बाई गाडीखाली गेली की मग तिच्या कामाची किंमत काढायला बसायचं. ती जिवंत असेपर्यंत रकान्यात निरंक.

कुणी म्हणेल, शेवया हाताने वळणं ही काय मोठी विद्या? आमच्या मिरजेतच सतारमेकर गल्ली आहे. मूळचे शस्त्रांचं काम करणारे शिकलगार, त्यांच्या पिढ्यांनी भोपळ्यातून सतारी आणि तंबोरे घडवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, वर्तमानपत्रांत फोटो आले, आम्हा सगळ्यांना आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तिथेही तार बोटाने जोखावी लागते, ज्ञान बापाकडून मुलाकडे जातं, आणि पुस्तकात लिहिता येत नाही असं बरंच काही असतं. अम्मीच्या पाटावरच्या तारेबद्दलही मी वेगळं काय सांगितलं? फरक इतकाच की सतार बाजारात विकली जाते आणि शेवया खाऊन संपतात. शिवाय सतार बनवणाऱ्याला कुणी ‘घरीच असतो’ म्हणत नाही.

विद्या किती, याचा एक नमुना देते. आपले सण चांदाचे आणि शेवया उन्हाच्या. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पण शेवया वाळायला चैत्र-वैशाखाचंच ऊन लागतं, त्याला पर्याय नाही. १९९८ मध्ये ईद जानेवारीअखेर आली, तेव्हा त्या ईदच्या शेवया आदल्या मे महिन्यात होऊन आठ महिने डब्यात राहायच्या होत्या. म्हणजे मेमध्येच त्यांना दोन दिवस जास्त ऊन दाखवायचं, पावसाळ्यात डबा उघडायचा नाही, दसरा-दिवाळीच्या उन्हात पुन्हा एकदा बाहेर काढायच्या. अम्मी हे सगळं बोटांवर मोजायची. चौथी शिकलेली बाई दोन पंचांगं डोक्यात ठेवून चालत होती, आणि बी.एड.ला बसलेली तिची मुलगी तिला निरंक लिहीत होती.

बी.एड.वरून आठवलं. तिथे आम्हाला वर्धा योजना होती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मुलांनी हाताच्या उद्योगातून शिकावं, सूतकताई, सुतारकाम, शेती यांतूनच गणित-भाषा-विज्ञान यावं, असा आराखडा तयार झाला. मी या प्रश्नाचं उत्तर मुद्देसूद लिहिलं आणि चांगले गुणही मिळवले. परीक्षा एप्रिलात होती. मी आतल्या खोलीत झाकिरसाहेबांची नई तालीम पाठ करत होते आणि बाहेर वरवंट्याचा आवाज येत होता. दोन्हींचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट आवाजाचा त्रास होतो म्हणून मी दार लावून घेतलं होतं.

ते दार माझ्यासाठी उघडलं २०२० मध्ये. त्या वर्षीची ईद २५ मेला होती, टाळेबंदीत. ईदगाहवर नमाज नाही, दुकानं बंद, आणि आम्ही कित्येक वर्षं जे विकतचं पाकीट आणत होतो ते मिळेना. ३३ वर्षांनी ईद पुन्हा मेअखेर आली होती, ऊन तेच, रोजे तेवढेच कडक. अम्मी तेव्हा माझ्याकडे होती. तिने सहज म्हटलं, पाट कुठे आहे? पाट माळ्यावर होता, जुन्या गाद्यांच्या खाली. मी तो धुतला, तिरपा लावला, आणि वर बसले. चाळीस वर्षांची बाई, अठरा वर्षांची नोकरी, आणि मला तार येईना. माझी तार करंगळीएवढी जाड यायची नाहीतर तुटायची. अम्मी खुर्चीत बसून सांगत होती, ‘‘हथेली से, उंगली से नै. ऊपर से दबा मत.’’ मला त्या दिवशी रडू आलं. अम्मीने मला या कामातून सोडवलं, ते बरंच केलं. पण सोडवताना तिने स्वतःकडे असलेलं सगळंच कमी दर्जाचं ठरवून बाजूला ठेवलं, आणि मी तिचं म्हणणं फार लवकर, फार आनंदाने मान्य केलं.

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. शाळा बंद, मोबाईलचा डेटा संपलेला. तो येऊन खाली झेलायला बसला. मग दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी वर बसू? माझी मुलगी, त्याच्याहून मोठी, तिने एकदा बघितलं आणि आपल्या पुस्तकाकडे गेली. मी तिला हाक मारली नाही. घरातल्या एका मुलीला पाटावर बसवून परंपरा टिकवण्यात मला रस नाही. तसं करायचं तर अम्मीचे कष्ट वाया गेले. मुलाला मात्र बसू दिलं. अम्मीला आधी ते विचित्र वाटलं. ‘‘छोरा?’’ एवढंच म्हणाली. पण शिकवताना तिने मला जितकं झटकलं होतं तितकं त्याला झटकलं नाही.

त्यानंतर मी शाळेत एक गोष्ट सुरू केली. उन्हाळ्याच्या सुट्टीचा गृहपाठ म्हणून मुलांना सांगते, घरात हाताने होणारं एक काम निवडा, ते स्वतः करा, आणि मग त्याबद्दल लिहा. मुलगे-मुली दोघांनाही. किती गहू, किती पाणी, किती दिवस ऊन, सगळं आकड्यांत, आणि आई-नानी जे शब्द वापरते तेच शब्द ठेवायचे. भाषाशिक्षक म्हणून मला यातलं काय मिळालं ते सांगू? सपीट, चीक, वस्त्रगाळ, डांगर, लाटी, दंड घालणं, ठिगळ. आमच्या मुलांना मराठी ‘परकी’ वाटते म्हणून मराठीच्या तासाला तोंड वाकडं करतात, आणि त्यांच्या घरातलं उन्हाळ्याचं सगळं काम मराठी शब्दांनी चालतं. उर्दूच्या पुस्तकात यातला एकही शब्द नाही. मागे एका बैठकीत दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, ‘‘तुमच्यात पण गोधडी शिवतात?’’ तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं. आता मी मुलांच्या वह्या दाखवते.

सगळं गोडीत झालं असं नाही. पहिल्याच वर्षी दोन पालक तक्रार घेऊन आले. एकाचं म्हणणं, मुलाला शेवया करायला लावता, उद्या भांडी घासायला लावाल. मी म्हटलं, हो, लावणार आहे. दुसऱ्यांचं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं होतं. ते म्हणाले, मॅडम, आम्ही मुलीला शाळेत यासाठी पाठवतो की तिने हे करू नये. त्यांना मी काय सांगणार? ते माझ्या अम्मीचंच वाक्य होतं. मी त्यांच्या मुलीला सवलत दिली, तिने आईला विचारून फक्त लिहून आणलं. चालतं. काम तिने करावं असा माझा आग्रह नाही. ‘अम्मी कुछ नहीं करती’ असं मात्र तिने कुठे लिहू नये, एवढंच हवं होतं.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम शिकावं अशी कल्पना आहे. चांगली आहे. फक्त त्या यादीत मला घरात बसलेली बाई दिसली नाही. कुंभाराकडे मुलं जरूर नेऊ. पण वर्गातल्या वीस मुलांच्या आया कुरडया, लोणची, गोधड्या, मोती-जरीचं काम जाणतात, त्यांतल्या दोघींना शाळेत बोलावून खुर्ची द्यायला, आणि बाहेरच्या तज्ज्ञाला जे मानधन देतो तेच त्यांना द्यायला, कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची? कार्यानुभवाचा तास आपल्याकडे आहेच. बहुतेक शाळांत तो गणिताला नाहीतर इंग्रजीला उसना दिलेला असतो, हे मी बाहेरून नाही, आत बसून सांगते आहे. मीही तो मराठीसाठी घेतलेला आहे.

विकतच्या शेवया आणू नयेत असं माझं म्हणणं नाही. आम्ही आजही आणतो. नोकरी करणाऱ्या बाईने रात्री जागून परंपरा सांभाळावी असं जर कुणी या लेखातून काढणार असेल, तर त्याने आधी स्वतः दोन किलो पीठ कुटून दाखवावं. घरातला पुरुष खाली झेलायला बसणार असेल, तर पाट काढा. नाहीतर पाकीट उत्तम.

ईद आता मार्चमध्ये गेली आहे, पुढे फेब्रुवारी, जानेवारी. पुन्हा मेअखेरीस यायला २०५३ च्या आसपासचं साल उजाडेल. मी तेव्हा सत्तरी ओलांडलेली असेन. अम्मीचा हिशेब मी करत नाही. गेल्या मे महिन्यात मुलाने दहावीच्या अभ्यासातून वेळ काढून दोन सकाळी पाट लावला, मी खाली बसले. डबा भरला, त्यावर त्याने कागद चिकटवून तारीख लिहिली. अम्मीने खुर्चीतून एक तार मागवली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, आणि म्हणाली, ‘‘अब्बी बी मोटी है.’’

त्या गोधडीवाल्या बाईचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. रकाना छोटा आहे, पण ‘गोधडी शिवणकाम, स्वतंत्र व्यवसाय’ एवढं त्यात बारीक अक्षरात मावलं.